नकाशावर सही करण्याआधी

प्रिय बायो,



नगररचना खात्यात रचना सहायक म्हणून रुजू होण्याआधी तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी फोनवर ‘सविस्तर लिहून पाठवते’ असं म्हणून सुटका करून घेतली. महाडात संध्याकाळी दिवा न लागणारे इतके फ्लॅट, पोलादपुरात वाड्याच्या वाड्या कुलूपबंद, आणि तरीही घरकुलाच्या यादीसाठी पंचायत समितीत गर्दी, हे कसं? तुमच्या अभ्यासात म्हणे मागणी-पुरवठ्याचं गणित आहे. ते खोटं नाही. पण मी उभं आयुष्य कचेरीसमोर टायपिंग करण्यात घालवलं. खरेदीखत, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र, भाडेकरार, वारसाचा अर्ज, पूरग्रस्ताचा अर्ज, दरडग्रस्ताचा अर्ज. ज्याला घर हवं आणि ज्याचं घर रिकामं आहे, अशी दोन माणसं माझ्या टेबलासमोर एकाच वेळी बसलेली क्वचितच पाहिली. त्यांच्यामध्ये कायम काहीतरी असतं: चुलतभावाची सही, नदी, नाहीतर मुंबईपर्यंतचं अंतर. तुझ्या बॅचच्या मुलांनाही दाखवता यावं म्हणून जरा उघडपणेच लिहिते आहे.

आपल्याच घरापासून सुरुवात करते, म्हणजे कुणाची निंदा केली असं व्हायला नको.

पोलादपूरकडचं आपलं गावचं घर तू मे महिन्यात पाहिलं आहेस. ओटी, माजघर, पडवी, मागे परस. दहा-बारा माणसं सहज झोपतील. तिथे कुणीही राहत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून माझ्या आजोबांचं नाव आहे. वारस मोजायला बसलीस तर दिवा, नालासोपारा, पुणे, एक सुरत असं फिरावं लागेल. कौलं उतरवून पत्रा घालायचा म्हटलं तरी भावकीची संमती लागते, आणि संमती येईपर्यंत एक वासा खाली येतो. बँक अशा घरावर कर्ज देत नाही. विकत घेणारा घेत नाही. भाड्याने द्यावं तर भाडं कुणाच्या हाती द्यायचं, यावर गणपतीत भांडण ठरलेलं. म्हणजे घर आहे, भिंती आहेत, छप्पर आहे, आणि ते बाजारातही नाही, वापरातही नाही. जनगणनेत त्याची नोंद ‘रिकामे घर’ अशी दोन शब्दांत होते.

तुझे पणजोबा गिरणीत लागले तेव्हा परळला गावाच्या खोलीत राहिले. गावाची खोली म्हणजे काय ते तुमच्या पिढीला सांगावं लागतं. गावच्या मंडळाने मिळून चाळीत एक खोली धरायची. त्यात पाळीप्रमाणे माणसं झोपायची. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या वळकटीच्या जागी रातपाळीवाला. प्रत्येकाची एक ट्रंक, जेवण खानावळीत, आणि बायकापोरं गावी. पोलादपूर, महाड, खेड, संगमेश्वर इथल्या शेकडो गावांनी मुंबईत आपला घरांचा प्रश्न असा, सरकारला न विचारता, स्वतःच्या पैशाने सोडवला होता. अर्धाच सोडवला होता, हेही खरं. कारण तो गडी एकटा होता तोवरच चालत होता. बायकोला आणायचं म्हटलं की खोली संपायची. आमच्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांचा संसार मनिऑर्डरीच्या पावतीवर झाला तो यामुळे.

ती चाळ बांधली खाजगी मालकाने, भाडं मिळतं म्हणून. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ होती तिथे थांबली. त्याने आपल्यासारख्यांची घरं वाचली, म्हणून त्या कायद्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. पण पुढे भाड्यासाठी बांधणं मालकांना परवडेना, दुरुस्ती करणं तर नाहीच, आणि पागडीचा धंदा सुरू झाला. मालकाने बांधायचं बंद केलं तेव्हा ते काम सरकारने मोठ्या प्रमाणात अंगावर घ्यायला हवं होतं. इंग्रजांच्या काळात बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या होत्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळ झालं, म्हाडा झाली, चांगल्या वसाहतीही झाल्या, पण शहर ज्या वेगाने वाढलं त्यापुढे त्या तोकड्या पडल्या. मग लोकांनी झोपडपट्टी बांधली. झोपडपट्टी हे गरिबांनी स्वतः केलेलं गृहनिर्माणच, फक्त त्यांच्या नावावर जमीन नव्हती.

१९८२च्या संपानंतर बऱ्याच गिरण्या बंद पडल्या. १९९१च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश शहराला, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला जायची होती. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी आता सगळ्या जमिनीची नाही, फक्त मोकळ्या जमिनीची. म्हणजे इमारती उभ्या होत्या ती जागा हिशेबातून बाहेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली. एका नियमात एक शब्द आला आणि हजारो घरांची जागा गेली. तू ज्या खात्यात चालली आहेस त्या खात्याच्या शाईला केवढं वजन असतं, ते यावरून कळावं. पुढे कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले, घरं मिळाली ती काही हजारांना. उरलेल्यांना आता शेलू-वांगणीची घरं पुढे केली जात आहेत. म्हणजे परळमध्ये आयुष्य घातलेल्या म्हाताऱ्याला कर्जतच्या बाजूला. २०२५च्या जुलैत आझाद मैदानात हे लोक बसले होते ते घर नको म्हणून नव्हे, तिथलं नको म्हणून. घर मोजणाऱ्याच्या कागदावर मात्र शेलूचं घर आणि परळचं घर दोन्ही ‘एक घर’.

आता तुझा आकड्यांचा हट्ट पुरवते. २०१२ मध्ये केंद्राच्या तांत्रिक समितीने देशाच्या शहरांतली घरांची टंचाई १ कोटी ८८ लाखांच्या घरात सांगितली. त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त गरीब आणि अल्प उत्पन्न गटाची. बेघर कुटुंबं त्यात ५ लाखांच्या आसपासच. सगळ्यात मोठा हिस्सा, सुमारे दीड कोटी, हा दाटीवाटीने राहणाऱ्यांचा होता. एका खोलीत सासू-सासरे, नवरा-बायको, दोन पोरं आणि गावाहून परीक्षेला आलेला पुतण्या, ही त्या आकड्यातली माणसं. त्याच्या आदल्या वर्षीच्या जनगणनेत त्याच शहरांत १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी निघाली होती. दोन्ही आकडे खरे आहेत. रिकाम्या घराची किंमत आणि दाटीत राहणाऱ्याचा पगार यांची गाठ पडत नाही. घर ही राहण्याची वस्तू न राहता पैसा ठेवायची तिजोरी झाली की असंच व्हायचं. महाडातले ते दिवा न लागणारे फ्लॅट कुणाचे आहेत ते मला ठाऊक आहे, कारण त्यांची खरेदीखतं माझ्याच मशिनवर झाली. एक मुंबईचा डॉक्टर, एक हायवेच्या मोबदल्याचे पैसे आलेला शेतकरी, एक आखातात असलेला मुलगा. एकाचीही त्यात राहायची घाई नाही.

आणि एमआयडीसीतला कामगार कुठे राहतो? बिरवाडी, नडगाव, आसनपोईकडे पत्र्याच्या खोल्यांत, एकेका खोलीत पाच-सहा जण, बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे. पाळीपाळीने झोपतात. तुझ्या पणजोबांची परळची खोली महाडच्या माळरानावर येऊन पुन्हा उभी राहिली आहे, फक्त भाषा बदलली. कारखान्याला प्लॉट द्यायचा, पाणी द्यायचं, वीज द्यायची, सांडपाण्याची वाहिनी द्यायची, एवढं सगळं नियोजनात बसतं. त्या कारखान्यात जाणारा माणूस रात्री कुठे पाठ टेकणार, त्यासाठी नकाशावर चौकोन नसतो.

आता नदीकडे येते. हा माझा सगळ्यात दुखरा भाग आहे, लांबला तर राग धरू नकोस.

महाड हे बंदराचं गाव. बाणकोटच्या खाडीतून माल दासगावपर्यंत, तिथून इथे यायचा. पाण्याने व्यापार आणला म्हणून गाव पाण्याजवळ वसलं. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून येते, इथे तिला गांधारी आणि काळ मिळतात, आणि खाडीला भरती असली की सगळ्यांचं पाणी तुंबतं. जुन्या बाजारपेठेतल्या माणसांना हे तोंडपाठ होतं. खाली दुकान, वर माळा. भोंगा झाला की तांदळाची पोती, कापडाचे तागे, वह्या माळ्यावर. पाणी ओसरलं की गाळ काढायचा, भिंती धुवायच्या आणि तिसऱ्या दिवशी दुकान उघडायचं. पूर यायचाच, पण घराला तो ठाऊक होता.

मग भातखाचरांत भराव पडले. गावाच्या कडेची ती खाचरं म्हणजे पुराची बसायची जागा. तिथे मुरूम टाकून पाच-पाच फूट उंच प्लॉट झाले, वर सोसायट्या झाल्या. नव्या सोसायटीचं जोतं उंच, म्हणून तिथलं पाणी जुन्या गल्लीत. एकाचा सुरक्षितपणा दुसऱ्याच्या माजघरात शिरतो, आणि दोन्ही बांधकामांना परवानगी कायदेशीर. प्लॉटच्या आत सगळं नियमात असतं. प्लॉटच्या बाहेर पाणी कुठे जाईल, असा रकाना अर्जात मी कधी पाहिला नाही.

२२ जुलै २०२१ची रात्र तुला आठवत असेल, फोन लागत नव्हते. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. सुकट गल्ली, भोई घाट, बाजारपेठ, सगळीकडे पाणी. पहिल्या मजल्यावर गेलेली माणसं दुसऱ्यावर गेली. माळ्याचा हिशेब त्या वर्षी चुकला. नंतर पूर निवारण समितीने आवाज उठवला, नदीतली जुटे, म्हणजे गाळाची बेटं, काढायला लावली, दासगावकडचा कोंकण रेल्वेचा भराव पाणी अडवतो म्हणून तो मोकळा करा ही मागणी लावून धरली. गाळ उपसला गेला आणि फायदाही झाला असं लोक सांगतात. मला त्यात एकच शंका आहे. गाळ दरवर्षी येतो, उपशाला मंजुरी दरवर्षी येतेच असं नाही.

मग पूररेषा. पंचवीस वर्षांत एकदा येईल त्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येईल त्याची लाल. निळीच्या आत नवं बांधकाम नको, निळी-लालच्या मध्ये अटींवर. कागदावर शहाणपणाचं आहे आणि मी त्या रेषांच्या बाजूची आहे. पण नदीकाठी वसलेल्या अख्ख्या जुन्या गावावरून अशी रेघ ओढलीस आणि ‘आता तुम्ही जाऊ शकता’ अशी जागा दाखवली नाहीस, तर काय होतं ते ऐक. ज्याच्याकडे पैसे आहेत तो हायवेच्या वरच्या अंगाला जातो. त्याचं जुनं घर दुरुस्तीची परवानगी नाही म्हणून कुजतं, भाव पडतो, भाडं उतरतं. आणि उतरलेल्या भाड्याला शोधत तिथे येतो तो गॅरेजमधला पोरगा, धुणीभांडी करणारी बाई, बांधकामावरचा गवंडी. रेषेने नदीकाठची वस्ती कमी झाली नाही, फक्त गरीब झाली. पुढच्या पुराच्या पंचनाम्यात घरमालकाचं नाव येतं. भाडेकरूचं नाव यायला करार लागतो, आणि तो नसतो.

डोंगरावरची गोष्ट आणखी कठीण. जिल्ह्याच्या यादीत १०३ गावं दरडप्रवण धरली गेली, त्यातली निम्म्याहून जास्त आपल्या महाड-पोलादपुरातली. २००५च्या जुलैत दरडी कोसळल्या त्या जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे. २०२१ला तळिये, आणि त्याच पावसात पोलादपूरच्या साखर आणि केवनाळेत. तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. तिथे मंत्री आले, म्हाडा घरं बांधून देईल असं जाहीर झालं, आणि म्हाडाने कामही हाती घेतलं. पण मधली वर्षं लोकांनी कंटेनरच्या घरांत काढली. उन्हात तापणाऱ्या, पावसात वाजणाऱ्या. दासगावच्या दरडग्रस्तांनी तर पत्र्याच्या शेडमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ काढला. का लागतो एवढा वेळ? पैसा हे उत्तर अर्धवट आहे. आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात पैसा जाहीर होतो. वेळ लागतो तो जागेला. जागा खाजगी, मालक मुंबईत, सातबारावर पंचवीस नावं, त्यातली काही मयत. सरकारी असेल तर वन खात्याची. सपाट असेल तर भातशेती, ती कोण देणार? आणि डोंगराळ तालुक्यात दुसऱ्या दरडीखाली नसलेली जागा तरी किती!

म्हणून माझं म्हणणं, बायो, की तू ज्या दिवशी टेबलावर बसशील त्या दिवशी घरांची संख्या मोजायच्या आधी जागा मोज. दरड कोसळायच्या आधी, पूर यायच्या आधी, भाव चढायच्या आधी. घर बांधायला हल्ली सहा महिने पुरतात. त्याच्याखालची जमीन राहणाऱ्याच्या नावावर, पाण्याच्या वर आणि कामापासून एसटीच्या अंतरावर असायला मात्र वीस वर्षं आधी कुणीतरी डोकं चालवावं लागतं. विएन्ना शहराचं उदाहरण तुमच्या पुस्तकात असेलच. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहराने श्रीमंतांवर कर लावून जमिनी घेतल्या आणि १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं बांधली. आजही सव्वादोन लाखांच्या आसपास घरं शहराच्या मालकीची आहेत, भाड्याने. त्या घरांच्या देखणेपणाचं सगळे कौतुक करतात. मला कौतुक आहे ते त्यांनी जमीन विकून टाकली नाही याचं. आपल्याकडे नगरपालिका विकास आराखड्यात घरांसाठी, शाळेसाठी आरक्षण टाकते आणि दहा वर्षांत भूसंपादनाला पैसे नसतात. मग मालक कलम १२७ची नोटीस देतो, मुदत टळते आणि आरक्षण उडतं. त्या नोटिसाही मी टाइप केल्या आहेत. मालकाचं त्यात चुकत नाही. पण आराखडा करताना किती आरक्षणं पेलतील याचा हिशेब कुणी मांडला होता का, असा प्रश्न त्या टाइप करताना मला दर वेळी पडायचा.

मोठ्या शहराचे नियम छोट्याला जसेच्या तसे बसत नाहीत, हेही तुला लवकरच दिसेल. मोठ्या प्लॉटवर २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची अट मुळात आली ती दहा लाख वस्तीच्या शहरांसाठी. महाडची वस्ती २०११च्या जनगणनेत तीस हजारांच्याही आत. रेरात नोंदणी पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठहून जास्त फ्लॅटच्या प्रकल्पाला. छोट्या गावात सात-आठ फ्लॅटची इमारत हीच तर रीत. म्हणजे जिथे घेणारा सगळ्यात अडाणी आणि बांधणारा सगळ्यात नवखा, तिथेच कायद्याची छत्री तोकडी.

इथे महाडच्या काजळपुऱ्याबद्दल लिहायलाच हवं. २४ ऑगस्ट २०२०ची संध्याकाळ. तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पत्त्यासारखी बसली. १६ माणसं गेली. एनडीआरएफच्या जवानांनी एका चार वर्षांच्या मुलाला एकोणीस तासांनी जिवंत बाहेर काढलं, तेव्हा जमलेली गर्दी रडली आणि टाळ्याही वाजवल्या. ती इमारत जुनी नव्हती. दहा वर्षांच्या आतबाहेरची. आपल्या कायद्यात स्ट्रक्चरल ऑडिटची सक्ती तीस वर्षांनंतर येते, कारण इमारत म्हातारी होऊन पडते असा समज. ही तर ऐन तारुण्यात पडली. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेतले अधिकारी यांच्यावर गुन्हे दाखल झाले. न्यायालयाचं न्यायालय बघेल. मला बोलायचं आहे ते घर घेणाऱ्यांबद्दल. तिथे राहणारी माणसं बेकायदा झोपडीत नव्हती. बचत घालून, कर्ज काढून, रीतसर फ्लॅट घेऊन राहत होती. घरांच्या प्रश्नावर आपण बोलतो तेव्हा ज्याला घर मिळालं त्याचा प्रश्न सुटला असं धरतो. मिळालेलं घर उभं राहील की नाही, हे बघणारा माणूस छोट्या नगरपालिकेत कितीदा असतो? अभियंता एक, त्याच्याकडे रस्ते, गटारं, पाणी, अतिक्रमण आणि वर निवडणुकीची ड्युटी. भोगवटा दाखला देण्याआधी कॉलमचं काँक्रीट ओतताना साइटवर कुणी उभं होतं का, हे त्या दाखल्यावर लिहिलेलं नसतं. तुझ्या अधिकारात असो नसो, जोत्याच्या टप्प्यावर आणि पहिल्या स्लॅबवर एकदा जाऊन ये. गाडी नसेल तर रिक्षाने जा. लोक हसतील, बिल्डरची माणसं चहा पाजतील, चहा घेऊ नकोस.

कातकरी वाड्यांबद्दल तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. आपल्या दोन्ही तालुक्यांत डोंगराच्या कुशीत या वाड्या आहेत. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतात, रेशनकार्ड आहे, मतदान आहे, पण घराखालची जमीन बऱ्याचदा दुसऱ्याच्या सातबारावर. कोणे एके काळी खोताने किंवा शेतमालकाने ‘इथे राहा, माझ्या शेतावर कामाला या’ म्हटलेलं. घरकुलाचे पैसे मंजूर होतात. साध्या योजनेत मूळ अनुदान १ लाख २० हजार, आणि २०२३च्या पीएम-जनमन योजनेत कातकरींसारख्या आदिम जमातींना २ लाख. पण आधी विचारतात, जागा तुमची आहे का? नसते. मग पैसे परत, नाव यादीत तसंच. वीटभट्टीच्या हंगामात पूर्ण कुटुंब बाहेर जातं, सर्वेक्षणाचा माणूस नेमका तेव्हा येतो आणि ‘घर बंद आढळले’ असा शेरा मारतो. आपलं पोलादपूरचं कुलूप आणि त्यांचं कुलूप एकाच रकान्यात. त्या वाड्यांना गावठाण मिळालं, वाडीखालची दोन-चार एकर जमीन एकदाच सरकारने विकत घेऊन नावावर केली, तर पुढचं घर ते स्वतः बांधतात. त्यांच्याइतकं कुडाचं घर झटपट उभं करणारं दुसरं कुणी नाही.

राहता राहिला वाडवडिलांच्या घरांना धरून बसायचा आपला चिवटपणा. गावच्या कुलूपबंद घरांसाठी मला मोठी योजना नको, तालुक्यात वाटणीचं शिबिर हवं. मे महिन्यात आणि गणपतीत सगळे चाकरमानी गावात असतात. तेव्हाच तलाठी, भूमापक आणि दुय्यम निबंधकाचा माणूस एका मांडवात बसवायचा. २०२५ मध्ये शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ झाली, ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका देण्याचं कामही चालू आहे. ही दोन्ही कामं एकमेकांना भेटली तर निम्मी कुलपं निघतील. सगळी नाही. काही घरं उघडलीच तर फक्त शिमग्याला उघडतील, आणि ते त्यांचं आहे. पण महाडला नोकरी लागलेल्या पोराला पोलादपूरच्या चुलत्याचं घर भाड्याने मिळालं, तर त्याला निळ्या रेषेच्या आतली खोली शोधावी लागणार नाही. एसटी वेळेवर हवी, हे तर आलंच. घराच्या प्रश्नात एसटीचं वेळापत्रक कुठे आलं, असं विचारू नकोस. रात्रपाळी सुटल्यावर गाडी नसेल तर तो माणूस कारखान्याच्या कुंपणालगतच राहणार.

राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणात पाच वर्षांत ३५ लाख घरांचं लक्ष्य आहे. चांगलं आहे. तुझ्या टेबलावरही त्यातलं एखादं लक्ष्य येईल आणि मार्चअखेरीला साहेब विचारतील, किती झाली? आकडा दे. त्याच्याखाली जमल्यास एक ओळ जोड की कुठे झाली. कामाच्या ठिकाणापासून किती लांब, पूररेषेच्या कुठल्या बाजूला आणि जमीन कुणाच्या नावावर. कुणी मागितलेली नसेल, तरी फाइलमध्ये राहील. पुढे कधीतरी कुणीतरी माहितीच्या अधिकारात काढेल. मीसुद्धा काढेन, माझा काही भरवसा धरू नकोस.

दादाला सांग, गावच्या घराच्या हक्कसोडपत्रांचा मसुदा तयार आहे. सुरतवाले तयार होत आहेत, नालासोपाऱ्यात एकजण अडून बसला आहे. त्याला तू फोन कर, तुझं ऐकेल, आता तू सरकारी आहेस.

तुझी,
आत्या

ता. क. नेमणुकीच्या गावी खोली घेशील तेव्हा भाडेकरार लेखी आणि नोंदलेला घे. घरमालक ‘ओळखीचेच आहोत, कशाला खर्च’ म्हणाला तर १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ दाखव. करार नोंदवायची जबाबदारी त्याची आहे, आणि नोंदवला नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, शिवाय दंड किंवा कैद आहेच. अनामत रकमेची पावती वेगळी घे. त्याला कटकट वाटत असेल तर मसुदा मी टाइप करून पाठवते, स्टॅम्पचे पैसे तेवढे तू भर.